सात तोकोच

मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा कुंदुझ वसतिगृहाच्या सामाईक नळाशी दात घासत होती. नंबर अनोळखी. तिने तोंडातला फेस थुंकला आणि फोन कानाला लावला.

"पोरी, तू कुंदुझच ना? बेगायिमच्या खोलीतली?" घसा बसलेला पुरुषी आवाज होता. "मी तिचा मामा, तुर्दुबेक. नारीनकडून बोलतोय. ती जवळ आहे का?"

"नाही, खोलीत आहे. बोलावू?"

"नको नको! मुळीच नको. तू जरा बाजूला जा. एकटी हो."

एकटी कसली होणार, ती एकटीच होती. चार मजल्यांच्या त्या वसतिगृहात सगळ्या मिळून अकरा मुली. बिश्केकमधली कॉलेजं कुलपात, तास फोनवर. ज्यांच्या गावात नेट पोचत नाही अशा मुलींना रेक्टरबाईंनी, त्या मुली हातापाया पडल्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहू दिलं होतं. बाकीचे तीन मजले रिकामे. वारा सुटला की वरची दारं आपटायची आणि रेक्टरबाई खालून त्या वाऱ्यालाच शिव्या घालायच्या.

"आमची ताई गेली गं," मामा म्हणाले. "बेगायिमची आई. रविवारी पहाटे. दुपारीच माती दिली, या आजारात कोण ठेवू देतं?"

कुंदुझच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. बेगायिमची आई जिल्ह्याच्या इस्पितळात आहे, ऑक्सिजन लावलाय, फोन जवळ ठेवू देत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. बेगायिमलाही तेवढंच ठाऊक होतं. शनिवारी कुणीतरी कळवलं होतं की आता बरं आहे, सूप प्यायल्या. त्या बातमीवर बेगायिम खोलीभर नाचली होती.

"तिला काही बोलू नकोस," मामा सांगत होते. "फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? आम्ही येतोय. मी आणि आणखी दोघं मोठी माणसं. घाटात बर्फ पडलाय, गाड्या अडकल्यात, पण गुरुवारी दुपारपर्यंत पोचतोच. आम्ही तिच्या कानावर घालू आणि घेऊन येऊ. तोवर तोंडातून ब्र काढू नकोस. गावातल्या कुणाचा फोन आला तर तिच्या हाती जाऊ देऊ नकोस. तुझा नंबर ताईनंच लिहून ठेवला होता. म्हणाली होती, ती मुलगी शहाणी दिसते."

"बरं मामा," कुंदुझ म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

आता कुणी म्हणेल, हा कुठला उरफाटा न्याय? आई गेलीय, मुलीला सांगा आणि मोकळे व्हा. म्हणू दे. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा फोनवर तसली बातमी ऐकून बघावी. आमच्याकडे मरण कानावर घालायला माणसं येतात. टोपी घालून, तीन तीन जणं. बसतात, चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूहळू गोष्टीकडे येतात. ऐकणारा कोसळला तर धरायला तिथं सहा हात असतात. लांब गेलेल्या माणसाला महिनोन्‌महिने काही कळू न देणारी घरं आहेत. त्यांत दुष्टपणा नसतो, उलट फार जपणूक असते. पण ते ओझं कुणाच्या डोक्यावर बसतं, ते त्या सकाळी कुंदुझला कळलं. वय वर्षं अठरा.

ती खोलीत आली तेव्हा बेगायिम पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर वर्तमानपत्रावर हाडं मांडलेली. दोघींचंही पशुवैद्यकीचं पहिलं वर्ष, आणि शरीररचनेचा विषय शिकवणार फोनच्या वीतभर काचेवर! अगाय (सगळे सरांना अगायच म्हणत) चित्रं दाखवायचे, ती मध्येच गोठायची, आणि मुलं म्हणायची, "अगाय, मेंढी अडकली." शेवटी बेगायिमने बाजारातल्या खाटकाशी गोड बोलून मेंढीची हाडं आणली, उकळून साफ केली आणि खिडकीत वाळवली. रेक्टरबाईंपासून वास लपला नाही. पण त्यांनाही वाडगाभर रस्सा मिळाला, मग त्या गप्प.

"काय गं राजमा, तोंड का असं?" बेगायिम म्हणाली. कुंदुझ तलासची, राजम्याच्या मुलखातली, म्हणून ती राजमा. "कुणाचा फोन?"

"घरचा. आईचा." शब्द तोंडातून गेला आणि कुंदुझला जीभ चावावीशी वाटली.

"मजा आहे बाई तुझी. माझी आई बोलायला लागली की नाही बघ, दोन तास सोडणार नाही." तिने फोन उचलला आणि आईच्या नंबरावर रोजच्यासारखा आवाजी निरोप ठेवला. "आई, आज सूप प्यायलीस का? उद्या माझी तोंडी परीक्षा आहे. फोन हातात आला की आधी हेच ऐक. आणि नर्सबाईंशी भांडू नकोस." निरोपापुढे एकच टिक आली, पोचल्याची दुसरी आली नाही. आठवडाभराच्या निरोपांपुढे तशीच एकेक टिक होती. पलीकडचा फोन कधीचा बंद पडला होता.

कुंदुझने त्या बाईला एकदाच पाहिलं होतं, सप्टेंबरमध्ये. बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर चढली होती, मास्क हनुवटीखाली. धापा टाकत तिने कुंदुझचा हात धरला. "ही बोलते फार, पण आतून हळवी आहे. वडील लहानपणीच गेले हिचे. तू लक्ष ठेवशील ना?" कुंदुझ हो म्हणाली होती. असे होकार माणूस किती सहज देतो!

तो दिवस कसाबसा ढकलला. कुंदुझने युक्ती केली. "तुझं सिमकार्ड जरा दे गं, माझा बॅलन्स संपलाय, घरी बोलायचंय, तू वसतिगृहाच्या वायफायवर बस," असं म्हणून बेगायिमचं सिम आपल्या फोनाच्या दुसऱ्या खाचेत घालून घेतलं. दुपारी गावाकडून तीन फोन आले. तिन्ही तिने कापले. चौथा कुठल्यातरी मावशीचा होता. त्या फोनवरच गळा काढायच्या बेतात होत्या. "मावशी, तिला अजून सांगितलेलं नाही," एवढं बोलून कुंदुझने ते सिमच बंद करून टाकलं.

संध्याकाळी तिला राहवेना. माणूस मेलं की घरात तेल तापवून काहीतरी तळायचं, तो वास मेलेल्यापर्यंत पोचतो, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. आणि इथे लेकीच्या खोलीत तिसऱ्या दिवशीही कढई चढलेली नाही. तिकडे गावात तळलं असेल, हे कळत होतं तिला. पण कळून उपयोग काय? तिने चोरून ठेवलेली विजेची शेगडी काढली, पीठ मळलं, पुरीएवढ्या सात तोकोच लाटल्या आणि तळल्या. मेलेल्यांसाठी करतात तशा, सातच.

बेगायिम वास घेत आली. "अगं बाई, सात तोकोच? आज मंगळवार! हे गुरुवारी करतात ना?"

"आजोबा स्वप्नात आले होते," कुंदुझ कढईकडे बघत म्हणाली.

"मग बरोबर आहे. भूक लागली असेल म्हाताऱ्याला." बेगायिमने डोक्याला रुमाल बांधला, ताटलीसमोर गुडघे टेकून बसली आणि तळवे उघडले. प्रार्थना तिला छान येत होती. आईनं शिकवलेली. हळू आवाजात, एकही शब्द न गाळता तिने सगळी म्हटली आणि शेवटी विचारलं, "नाव काय आजोबांचं?"

कुंदुझला नाव सुचेना. स्वतःच्या आजोबांचं नाव!

"राहू दे, देवाला माहीत असेल," बेगायिम म्हणाली. तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि तोकोच उचलली. तीन खाल्ल्या. वर म्हणाली, "आईला बरं वाटलं की आपण तिच्याकडे जाऊ. ती तुझ्यापेक्षा पातळ लाटते. शीक जरा."

कुंदुझ तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि नळ सोडून रडली.

बुधवारी तोंडी परीक्षा. चोवीस जणांचा वर्ग, म्हणजे फोनवर चोवीस काळे चौकोन आणि प्रत्येकाखाली नाव. कॅमेरा लावला की नेट खातो, म्हणून कुणीच लावत नसे. दोन महिने झाले, पण वर्गातला एकही चेहरा बेगायिमने पाहिला नव्हता की कुंदुझने. दिसायचे फक्त ओसमोनकुल अगाय, तेही कपाळापासून वर.

"बेगायिम, मांडीच्या हाडाबद्दल सांगा."

"अगाय, मेजवानीत हे मधल्या वयाच्या पाहुण्याला देतात," बेगायिमने तेवढ्यापुरता कॅमेरा लावून हाड फोनपुढे धरलं. काळ्या चौकोनांतून हसू फुटलं. "कमरेचं हाड मोठ्या पाहुण्याला, माकडहाड म्हाताऱ्या बायकांना." मग तिने प्रत्येक हाडाचं पुस्तकातलं नाव, खाचा, कोन, सांधे धडाधड सांगितले.

"आणि वाढणारीला काय मिळतं?" अगायही रंगात आले होते.

"वाढणारीला मान, अगाय. मानेचे मणके सात. आमची आई मोजून खाते."

"शाब्बास. पैकीच्या पैकी."

बेगायिमने पलंगावर उडी मारली. कुंदुझने तिला मिठी मारली आणि तोंड तिच्या खांद्यामागे लपवलं.

पण आनंदात एक खडा होता. बेगायिमच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या, एकदा वीज गेली म्हणून आणि एकदा नेट गेलं म्हणून. तिसरी लागली की सरकारी जागा जाणार, असं पत्रच आलं होतं. उद्या मामा तिला घेऊन जातील, मग गावात चाळिसाव्या दिवसाचा विधी होईस्तोवर कुठलं नेट आणि कुठले तास! आई गेली ती गेली, आता कॉलेजही जाणार. कुंदुझने खूप विचार केला आणि वर्गप्रतिनिधी उलानला लिहिलं: बेगायिमची आई वारली, तिची रजा मांड, पण तिला स्वतःला अजून माहीत नाही, कुणाला बोलू नकोस.

उलान गुणी मुलगा. त्याने लगेच डीन ऑफिसात कळवलं. तिथल्या बाई भल्या. त्यांनी रजा मंजूर केली, यादीवर शेरा मारला "आईचे निधन" आणि ती सगळ्या शिक्षकांना पाठवली. शेऱ्याच्या रकान्यात जागा तेवढीच होती. "तिला माहीत नाही" हे त्यात मावलं नाही. कुणाची म्हणून चूक दाखवायची? सगळ्यांनी चांगलंच केलं.

गुरुवारी दहाला तास. मामांचा निरोप आला, घाट उतरलो, बारापर्यंत येतो. कुंदुझला हायसं वाटलं. तासाला बसली म्हणजे बेगायिम दोन तास कुणाशी बोलणार नाही, अगदी सुरक्षित. तिने स्वतःच तिला हाक मारून बसवलं, चहा हातात दिला. दोघी एकाच फोनसमोर बसल्या.

अगाय आले. आज कपाळ नव्हतं, पूर्ण चेहरा दिसत होता. डोक्यावर पांढरी उंच टोपी होती. मरण कानावर घालायला येणारे घालतात तसली.

"मुलांनो," ते म्हणाले, "तास सुरू करण्याआधी..."

कुंदुझने फोनकडे हात नेला. पण बेगायिमने चहाचा पेला मध्येच तिच्या हातात दिला, "धर गं, सांडेल."

"...आपल्या बेगायिमची आई देवाघरी गेली. पोरी, तू अशा वेळीही तासाला आलीस! काल मी तुझ्याशी थट्टा केली, मला माहीत नव्हतं. त्या माउलीवरची माती रेशीम होवो."

बेगायिम हसली. खरंच हसली. "अगाय, काहीतरी घोटाळा होतोय. माझी आई इस्पितळात आहे. सूप पिते आता. दुसरी कुणी बेगायिम असेल."

अगायांनी हातातली यादी पुन्हा पाहिली. त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. आणि मग एक काळा चौकोन उजळला. उलान. गोल चेहऱ्याचा, कान मोठे, मागे भिंतीवर गालिचा. दुःखात माणसाला भेटायचं तर तोंड दाखवून भेटावं लागतं, अंधारातून सांत्वन करत नाहीत. हे कुणालाच शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्यामागून दुसरा चौकोन उजळला, तिसरा, मग भराभर सगळे. एक मुलगी गोठ्यात उभी होती. एक मुलगा धान्याच्या दुकानात, पोत्यांवर. एकाला टोपी सापडेना, त्याने लोकरीचं कानटोपरं चढवलं. दोन महिन्यांत न दिसलेला वर्ग एका मिनिटात समोर आला, आणि प्रत्येक जण बेगायिमकडे बघत होता.

बेगायिम एकेक चेहरा पाहत गेली. चुकीच्या बातमीसाठी इतकी माणसं कॅमेरा लावत नाहीत. मग तिने मान वळवून कुंदुझकडे पाहिलं. कुंदुझला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

बेगायिमने फोन पालथा घातला.

"त्या आजोबांसाठी नव्हत्या," ती म्हणाली. "तोकोच."

"नव्हत्या."

"तीन खाल्ल्या मी."

"हो."

"मी प्रार्थना म्हटली तेव्हा नाव विचारलं होतं. तू सांगितलं नाहीस." तिचा आवाज अगदी साधा होता, त्यानेच कुंदुझला जास्त भीती वाटली. "कधी?"

"रविवारी पहाटे. बेगायिम, मी मामांना शब्द दिला होता. ते येतायत, बारा वाजता. तुझी जागा जाऊ नये म्हणून मी उलानला... मला वाटलं नव्हतं गं असं होईल. मार मला. काहीतरी बोल."

बेगायिम रडली नाही. तिने हाडं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळली. मानेचे सात मणके वेगळे काढले, मोजले, खिशात टाकले. पेला विसळला. मग रुमाल बांधून पलंगाच्या कडेला बसली, आणि तब्बल दीड तास तशीच बसून राहिली. कुंदुझ जमिनीवर, तिच्या पायांशी. एकदाच बेगायिमने विचारलं, "मामा घाटातून आले?"

"दोन दिवस अडकले होते बर्फात."

"मग त्यांना यातलं काही सांगू नकोस."

बाराला दार वाजलं. रेक्टरबाईंनी बाहेरून दोन खुर्च्या आणून दिल्या आणि डोळे पुसत निघून गेल्या. तुर्दुबेक मामा आणि दोन म्हातारे आत आले. तिघांच्या डोक्यावर टोप्या, बुटांवर सुकलेला चिखल, मास्कवर श्वासाचं दव. बेगायिम उठली, वाकून नमस्कार केला, सगळ्यांना चहा ओतला.

मामांनी सुरुवात घाटापासून केली. बर्फ किती, ट्रक कसा आडवा झाला होता, एका पोलिसाने कशी चहाची किटली दिली. मग मावशीच्या घोडीला शिंगरू झालं, तपकिरी, कपाळावर चांद. दोन म्हाताऱ्यांपैकी एकाने या वर्षी गवत चांगलं आल्याचं सांगितलं. बेगायिम ऐकत होती. "हो मामा," म्हणत होती. "तपकिरी का?" असंही एकदा म्हणाली. कुंदुझला दाराशी उभं राहवत नव्हतं, पण तिथून जाववतही नव्हतं.

मग मामांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, या आजारानं या वर्षी किती घरं उघडी पाडली. शेजारचा अमुक गेला, तरणाबांड. पलीकडच्या गावचे मास्तर गेले. डॉक्टर गेले. ज्यानं दिलं तोच परत बोलावतो, आणि त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? "बेगायिम, बाळा," मामा म्हणाले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. दुसरे दोघं खुर्च्या सोडून तिच्या दोन्ही बाजूंना आले. "घट्ट हो. तुझी आई आपल्याला सोडून गेली."

आणि तेव्हा बेगायिमने हंबरडा फोडला. सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर आलं. ती मामांच्या छातीवर कोसळली, आणि तिला धरायला तिथं माणसं होती. तिच्या आवाजाने रिकाम्या मजल्यांवरची दारंसुद्धा हलल्यासारखी वाटली. कॉरिडॉरमध्ये बाकीच्या मुली जमून रडू लागल्या. कुंदुझ भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येईना.

निघायच्या वेळी मामा कुंदुझजवळ आले. त्यांनी मास्क खाली ओढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू शब्द पाळलास. तीन दिवस एवढं ओझं उचललंस. माझ्या बहिणीची माणसाची पारख चुकली नव्हती."

कुंदुझने बेगायिमकडे पाहिलं. आता ती सांगेल. आता सांगायलाच हवं.

सुजलेल्या डोळ्यांनी बेगायिम म्हणाली, "हो मामा. तिनं मला काहीच कळू दिलं नाही."

कुंदुझने मान खाली घातली आणि बेगायिमची पिशवी भरायला घेतली.